सातपुड्यातलं दहिवर आणि वरचा बर्फ

पहिला दिवस : गिरणेच्या वाळूत

फेब्रुवारीत आम्ही सहा जण मनालीच्या वरच्या अंगाला बर्फातून चालायला जाणार आहोत. त्याआधी चार दिवस खान्देशातच सराव करायचा, हे अण्णांनी दिवाळीतच ठरवून टाकलं होतं. अण्णा भुसावळला रेल्वेत होते. तरुणपणी मनाली आणि उत्तरकाशी, दोन्हीकडचे गिर्यारोहणाचे कोर्स केलेले. बाकी आम्ही म्हणजे जळगावची डॉक्टर वहिनी, माझा आतेभाऊ, इंजिनीअरिंगला असलेली माझी भाची, तळोद्याचे एक मास्तर आणि मी. माझं घर रावेर तालुक्यात, केळीचं. जिथे मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो तिथली माणसं हिमस्खलनाचा सराव करणार म्हटल्यावर घरी-दारी सगळ्यांनी एकच विचारलं, बर्फ कुठून आणणार?

मला मात्र हा सराव हवाच होता. गेल्या वर्षी फेब्रुवारीत आम्ही तिकडेच होतो. दोन दिवस बर्फ पडून गेला, मग तीन दिवस लख्ख ऊन. आम्हाला घेऊन जाणाऱ्या मंडळींनी सांगितलं, आता मौसम साफ आहे, काळजी नको. एका सौम्यशा उतारावरून ओळीने चाललो होतो. माझ्या पायाखाली ‘धप्प’ असा आवाज झाला. भरल्या पोत्यावर दुसरं पोतं टाकावं तसा, पण आवाज आला तो जमिनीच्या पोटातून. आणि डाव्या हाताला बर्फात एक बारीक रेघ सळसळत वीस-पंचवीस पावलं पळत गेली. बर्फ बोटभर खाली बसला, आणि तेवढ्यावर थांबला. अण्णांनी ओरडून सगळ्यांना एकेक करून मागे बोलावलं. नंतर मोजलं तर तिथला उतार पंचवीस अंशांच्या आत होता. शंभर पावलं पुढे गेलो असतो तर तो चाळीसच्या आसपास होता. त्या रात्री मला झोप लागली नाही. भीती होतीच, पण त्याहून जास्त एक गोष्ट डोक्यात बसली होती : तीन दिवस ऊन होतं, मग हे झालं कसं?

त्या प्रश्नाचं उत्तर मला या चार दिवसांत, सातपुड्यात मिळालं. पण सुरुवात वाळूपासून.

जळगावजवळ गिरणेच्या पात्रात सकाळी आठला पोहोचलो. अण्णांनी एका पिशवीत बीकन चालू करून ठेवलं, आम्हाला पाठ फिरवायला लावली आणि पिशवी कुठेतरी मीटरभर खोल पुरली. बीकन म्हणजे छातीला बांधायचं छोटं यंत्र. चालताना ते ४५७ किलोहर्ट्झवर सतत संदेश सोडत राहतं. कुणी गाडलं गेलं की बाकीच्यांनी आपापलं बीकन शोधण्याच्या बाजूला वळवायचं. जगभरात सगळी बीकनं याच एका लहरीवर चालतात, त्यामुळे कोणत्याही कंपनीचं यंत्र कोणत्याही कंपनीच्या यंत्राला शोधू शकतं.

अण्णांनी घड्याळ लावलं. भाची पुढे. पडद्यावर आकडा ३८, मग ३१, मग एकदम ५२, मग काहीच नाही. ती गोंधळली. अण्णांनी विचारलं, “मोबाईल कुठे आहे?” मोबाईल जॅकेटच्या वरच्या खिशात, बीकनला खेटून. तो बंद करून पाठपिशवीत टाकल्यावर आकडे शहाण्यासारखे उतरायला लागले. तीन मीटरच्या आत आल्यावर यंत्र वाळूला टेकवून हळू हळू उभ्या-आडव्या रेषेत सरकवायचं, सगळ्यात लहान आकडा जिथे येईल तिथून प्रोब, म्हणजे जोडून लांब होणारी सळई, खुपसायला लागायचं. वीतभर-सव्वा वीत अंतर ठेवत, आतून बाहेर फिरत. सहाव्या वेळी सळईला मऊ काहीतरी लागलं. कापडी पिशवीचं ते ‘लागणं’ मला अजून तळहातात आठवतं. दगडाला सळई टणकन लागते. हे तसं नव्हतं.

इथवर सात मिनिटं. मग आम्ही खणायला लागलो आणि तिथे सगळं बिघडलं. विहीर खणतात तसं आम्ही सळईच्या भोवतीच सरळ खाली खणलं. चौघं चार बाजूंनी, एकमेकांच्या फावड्याला फावडं, आणि कडेची वाळू परत आत. पिशवी हाती आली तेव्हा घड्याळात तेवीस मिनिटं झाली होती.

डॉक्टर वहिनी गप्प झाली. तिनेच मग सांगितलं : पहिल्या पंधरा मिनिटांत बाहेर काढलेले बहुतेक जण जगतात, अर्ध्या तासाकडे सरकलं की जगणाऱ्यांची संख्या धाडकन खाली येते. माणूस थंडीने नाही, गुदमरून जातो. आतेभाऊ म्हणाला, सियाचीनला तो जवान तर सहा दिवसांनी निघाला होता. हो. ३ फेब्रुवारी २०१६ ला सोनम चौकीवर हिमस्खलन झालं, दहा जवान गाडले गेले, त्यातले लान्स नायक हनुमंतप्पा कोप्पड सहा दिवसांनी जिवंत सापडले आणि ११ फेब्रुवारीला दिल्लीत त्यांनी प्राण सोडला. बाकी नऊ जणांना ती संधी मिळाली नाही. वहिनी म्हणाली, “आपण त्या नऊ जणांकडे बघून सराव करायचा.”

दुसऱ्या वेळी अण्णांनी सळई तशीच रोवलेली ठेवायला लावली, तिच्यावर खोली वाचली, आणि खोलीच्या दीडपट अंतर उताराच्या खालच्या बाजूला मागे सरून आडवं आत शिरायला सांगितलं. एक जण पुढे कापणार, मागचे दोघं माल मागे ढकलणार, दर मिनिटाला पुढचा बदलणार. केळीच्या घडांची गाडी भरताना हातोहात माल जातो तसं. चौदा मिनिटं लागली. तिसऱ्या वेळी अकरा. थांबलेलं हिमस्खलन सिमेंटसारखं आवळतं, मीटरभर खोलावरच्या माणसासाठी टनभर तरी बर्फ उपसावा लागतो, आणि आम्ही मऊ वाळूत होतो. म्हणून अण्णांनी कुणाला शाबासकी दिली नाही.

पलीकडे म्हशी धुणारे एक आजोबा बराच वेळ बघत होते. शेवटी आलेच. “काय हारपनं भो, सोनं का चांदी?” मास्तरांनी त्यांना सगळं नीट समजावून सांगितलं. आजोबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “मंग तठे जावानंच कसाले?” त्यावर आमच्यातलं कुणी लगेच बोललं नाही.

दुपारी पऱ्हाट्यांवर वांगी भाजून भरीत झालं, सोबत कळण्याच्या पुऱ्या. जानेवारीत गिरणाकाठी येऊन भरीत न करता कसं जायचं?

संध्याकाळी अण्णांनी ओल्या वाळूचा एक ठोकळा कापला, ३० सेंटिमीटर रुंद आणि ९० लांब. बर्फात खड्डा खणून थर तपासतात त्यातली ही मुख्य चाचणी. ठोकळ्याच्या एका टोकावर फावड्याचं पातं ठेवायचं आणि त्यावर हाताने ठोके द्यायचे. दहा मनगटातून, दहा कोपरातून, दहा खांद्यातून. मधल्या एखाद्या कच्च्या थरात भेग पडली आणि ती एका फटक्यात ९० सेंटिमीटरच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेली, तर तो उतार तुमच्या वजनाने सुटू शकतो. भेग पडली पण तिथेच राहिली, तर गोष्ट थोडी वेगळी. वाळूत भेगेचं खरं दर्शन होत नाही, हे अण्णा दर दहा मिनिटांनी बजावत होते. त्यांना शिकवायचा होता तो हात. हात पडू द्यायचा, मारायचा नाही. आतेभाऊ सुरुवातीला चिंच पाडल्यासारखा मारत होता.

दुसरा दिवस : देवगोई घाट

सकाळची सुरतेकडची गाडी. अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार. नंदुरबारला उतरलो की या दिवसांत नाकाला आधी कळतं : गावाबाहेर पथाऱ्यांवर मैदानंच्या मैदानं लाल मिरची वाळत पडलेली. तिथून जीपने तळोदा, अक्कलकुवा आणि मोलगीच्या रस्त्याला लागून देवगोई घाट.

अण्णांनी घाटात पाच ठिकाणी जीप थांबवली आणि प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारला, “उतार किती?” आम्ही अंदाज सांगायचा, मग मोजायचं. पहिल्या चार ठिकाणी आम्ही सगळे चुकलो, आणि सगळे एकाच बाजूला चुकलो. तीस अंशांचा उतार आम्हाला पंचेचाळीसचा वाटत होता. वर बघताना डोळा उतार वाढवून सांगतो, खाली बघताना तर फारच. म्हणून डोळ्यावर जायचं नाही, हे आधी पटवून घ्यायचं.

हे मोजणं इतकं महत्त्वाचं का? जी हिमस्खलनं माणसं मारतात ती बहुधा ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटतात. त्याहून सपाट असेल तर बर्फ बसतो, सरकत नाही. त्याहून फार तीव्र असेल तर तिथे बर्फ साठतच नाही, थोडा थोडा गळून जातो. मधला पट्टा वाईट, आणि चालायला-घसरायला नेमका तोच सगळ्यांना आवडतो. बर्फात कच्चा थर कुठे आहे हे शोधण्यात तज्ज्ञही चुकतो. उताराचा अंश मात्र मोजला की मोजला. अण्णांचं म्हणणं असं की बर्फाबद्दल शंका असली की उताराला विचारावं.

मोबाईलमध्ये अंश दाखवणारी सोय असते, पण थंडीत मोबाईल मान टाकतो. त्यासाठी अण्णांनी दोन काठ्यांची युक्ती दाखवली. दोन सारख्या लांबीच्या काठ्या घ्यायच्या. एक उतारावर सरळ खालच्या दिशेने आडवी टेकवून तिच्या लांबीची खूण करायची. मग तिचं वरचं टोक खुणेच्या वरच्या टोकावर तसंच ठेवून खालचं टोक हवेत उचलायचं, आणि त्या उचललेल्या टोकापासून दुसरी काठी ओळंब्यासारखी सरळ खाली लोंबकळवायची. लोंबणाऱ्या काठीचं टोक खुणेच्या बरोबर खालच्या टोकावर टेकलं, तर उतार तीस अंश. भाचीने वहीत आकृती काढली आणि म्हणाली, “मावशी, समभुज त्रिकोण आहे हा, सातवीतला.” लोंबणारी काठी खुणेच्या पलीकडे, खालच्या अंगाला टेकली तर उतार तीसहून जास्त. एवढं कळलं तरी पुरे. आमच्याकडे बांबूच्या दोन काठ्या होत्या, मास्तरांनी तळोद्यातून कापून आणलेल्या. त्या मी मनालीला घेऊन जाणार आहे.

घाटाच्या एका वळणावर डोंगर कापलेला आहे. काळ्या खडकाचे दोन जाड थर, आणि त्यांच्या मधोमध हातभर तांबड्या मातीचा पट्टा. सातपुड्यात, सह्याद्रीत असे पट्टे पुष्कळ दिसतात : एक लाव्हा थंड झाला, त्याची वरची बाजू कुजून माती झाली, त्यावर दुसरा लाव्हा आला. पावसाळ्यात अशा ठिकाणी पाझर लागतो आणि दरड सुटते. मी तांबड्या मातीत बोट घातलं, भुसभुशीत. वरच्या खडकावर नख उमटत नव्हतं. अण्णा जवळ येऊन म्हणाले, “ताई, वरचा थर किती टणक आहे याचं सगळ्यांना कौतुक असतं. विचारायचं ते त्याच्या खाली काय आहे.”

बर्फात खड्डा खणल्यावर टणकपणा असाच तपासतात. मूठ आत जाते का, चार बोटं, एक बोट, पेन्सिल, की फक्त चाकू. मूठ जाणाऱ्या थरावर एक बोट जाणारा थर बसला असेल तर ती रचना वाईट. मऊवर मऊ असेल तर त्यामानाने कमी धोका.

अजून एका जागी जंगलातून वरपासून खालपर्यंत झाडं नसलेला पट्टा गेलेला दिसला. पायथ्याशी दगडांचा ढीग, कडेची झाडं एका बाजूला कललेली. दरडीची नेहमीची वाट. हिमालयात देवदारांमध्ये असाच सरळ उभा मोकळा पट्टा दिसला तर ती बर्फाची नेहमीची वाट समजायची, आणि तिच्या तोंडाशी डबा उघडून बसायचं नाही.

मोलगीला मुक्काम. बाजरीची भाकरी, ठेचा, अंगणात शेकोटी. रात्री अण्णांनी सगळ्यांचे पांघरुणाचे बेत ऐकून घेतले आणि सांगितलं, “साडेतीनला उठायचंय.”

तिसरा दिवस : डाबचं दहिवर

खान्देशातल्या वर्तमानपत्रांत डिसेंबर-जानेवारीत एक बातमी हमखास येते : सातपुड्यात डाब, वालंबा, तोरणमाळला दवबिंदू गोठले. सोबत गवतावरच्या पांढऱ्या थराचा फोटो. आम्ही लहानपणापासून ती वाचत आलो. बघायला कधी गेलो नव्हतो. डाब म्हणजे आदिवासींच्या देवकथांमध्ये याहामोगी देवीशी जोडलेलं गाव, डोंगरांनी वेढलेल्या खोलगट जागेत वसलेलं.

पहाटे पाचला पोहोचलो. आभाळात एक ढग नाही, वारा शून्य, चांदण्या इतक्या की वहिनी मान वर करूनच उभी. विजेरी लावली तर शेताच्या बांधावरचं गवत पांढरं, भाताच्या पेंढ्याचा ढीग पांढरा, जीपचा पत्रा पांढरा. अण्णांनी थर्मामीटर जमिनीवर ठेवला : उणे एक. छातीच्या उंचीवर धरला : चार. एवढ्याशा अंतरात पाच अंशांचा फरक.

हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. केळीवाल्याला हे माहीत असतं. चरका कधी पडतो? ढगाळ रात्री नाही, वाऱ्याच्या रात्री नाही. आभाळ स्वच्छ आणि हवा थिजलेली असली की जमीन आपली ऊब वर सोडून देते, थंड हवा जड होऊन खोलगटात साचते, आणि सकाळी कोवळी पानं करपल्यासारखी. म्हणून अशा रात्री आम्ही बागेच्या कडेने ओला पालापाचोळा पेटवून धूर करतो, पाण्याची मोटर चालू ठेवतो. धूर म्हणजे बागेवर तात्पुरतं ढगाचं पांघरूण.

अण्णांनी खिशातून भिंग काढलं आणि एक पेंढ्याची काडी माझ्या हातात दिली. काडीवर दोन प्रकारचा बर्फ होता. एक, गोल मण्यांसारखा. दहिवर आधी पडलं आणि मग गोठलं. आणि काडीच्या टोकाला, जिथे ती ढिगातून बाहेर डोकावत होती, तिथे दुसरंच काहीतरी : सपाट, पातळ, कडेला रेघा असलेली पिसं. एकेक पीस तांदळाच्या दाण्याहून लहान, पण उभं, ताठ, काडीला जेमतेम एका बिंदूत चिकटलेलं. हवेतली वाफ पाणी न होता सरळ बर्फ झाली की अशी पिसं उगवतात. मी श्वास रोखून बघत होते. श्वास सोडला आणि तीन पिसं नाहीशी झाली.

“गेल्या वर्षी तुमच्या पायाखाली बसलं ना, ते हे,” अण्णा म्हणाले.

मग त्यांनी मागचा सगळा क्रम लावून दाखवला. हिमालयात पश्चिमी झंझावात येतो, बर्फ टाकून जातो. तो सरकला की आभाळ निवळतं. उत्तरेचे कोरडे वारे खाली वाहायला लागतात, आणि दोन-तीन दिवसांत ती थंडी आमच्या तापीच्या खोऱ्यात पोहोचते. म्हणजे माझ्या बागेत चरका पडतो तेव्हा तिकडे, वर, नव्या बर्फावर स्वच्छ आणि शांत रात्री चाललेल्या असतात. अशा रात्री बर्फाच्या पृष्ठभागावर ही पिसं वाढतात. इथे तांदळाच्या दाण्याहून लहान. तिकडे दोन-तीन रात्री सलग मिळाल्या तर बोटाच्या पेराएवढी. ऊन किंवा वारा लागला तर ती मोडतात, हरकत नाही. पण सावलीतल्या उत्तर उतारांवर, ओढ्यांच्या खोलगटात ती तशीच उभी राहतात. आणि मग पुढचा झंझावात येऊन त्यांच्यावर अर्धा मीटर बर्फ टाकतो. पिसं मरत नाहीत. वरच्या थराखाली उभी राहतात, कित्येक आठवडे. कुणाचा तरी पाय पडेपर्यंत.

वर्षभर डोक्यात फिरणारा माझा प्रश्न तिथे, त्या बांधावर सुटला. आम्ही मोजत होतो बर्फ पडून गेल्यानंतरचे उन्हाचे दिवस. मोजायला हव्या होत्या त्या बर्फ पडण्याआधीच्या चांदण्या रात्री. ज्या रात्री सगळं सुंदर होतं, लोक शेकोटीशी गाणी म्हणत होते, त्याच रात्री तो कच्चा थर घडत होता. नव्या बर्फाचं ओझं पहिल्या एक-दोन दिवसांत सर्वात धोकादायक, हे खरंच आहे. आपोआप सुटणारी पुष्कळ हिमस्खलनं त्याच काळात सुटतात. पण पिसांचा थर असेल तर ते गणित मोडतं.

दुसरा कच्चा थर तळाशी बनतो. हिवाळ्याच्या सुरुवातीला बर्फ कमी असतो, जमीन शून्याच्या आसपास आणि वरची हवा उणे पंधरा. दहा सेंटिमीटरला एक अंशाहून जास्त फरक पडला की आतली वाफ खालून वर सरकत राहते आणि तळाचे दाणे जाड, कोरडे, साखरेसारखे सुटे होतात. मुठीत धरून दाबले तरी लाडू वळत नाही.

मास्तरांच्या ओळखीच्या घरी न्याहारी झाली तेव्हा अण्णांनी घरच्या माऊलीकडून पाटावर मूठभर भगर मागून घेतली. पाट एका बाजूने हळूहळू उचलला. सुटी भगर एका टोकापासून ओघळायला लागली, वरून एक बिंदू, खाली पसरत पंखा. “हे सुट्या बर्फाचं घसरणं. दिसतं, बहुधा लहान असतं.” मग परत भगर पसरली आणि तिच्यावर कालची कडक झालेली भाकरी ठेवली. पाट उचलला. वीस अंश, पंचवीस, भाकरी जागच्या जागी. तीसला पण जागेवर. अण्णांनी भाचीला सांगितलं, वर बोट टेकव. तिने टेकवलं, आणि अख्खी भाकरी एकदम सुटली. कडेपासून कडेपर्यंत, एकाच क्षणी. माऊली हसली, मग आमच्या चेहऱ्यांकडे बघून हसायची थांबली.

हिमस्खलनात सापडलेल्या दहापैकी नऊ जणांचं हिमस्खलन त्यांनी स्वतः किंवा त्यांच्याच सोबत्याने सुटवलेलं असतं. हा आकडा मी आधी वाचला होता. भाचीचं बोट बघितल्यावर तो कळला.

दुपारी काही विशेष नाही. बीकनचा आणखी दोनदा सराव, या वेळी दोन पिशव्या पुरून. झोप.

चौथा दिवस : अस्तंबा

धडगावच्या बाजूने अस्तंब्याच्या पायथ्याला पोहोचलो तेव्हा उजाडत होतं. धनत्रयोदशीला इथे अश्वत्थाम्याच्या दर्शनाला हजारो लोक रात्रभर चढतात. आज आम्ही सहा आणि गुरं चारणारे दोन मुलगे. अण्णांनी पायथ्याशी एक कागद वाचून दाखवला. तो त्यांनी बनवलेला खोटा इशारा होता : रात्री ३० सेंटिमीटर नवा बर्फ, पश्चिमेचा जोराचा वारा, खाली दहा दिवसांपूर्वीची पिसं, धोका पाचपैकी तीन. “आजचा अस्तंबा बर्फाचा. सगळे निर्णय तसेच घ्यायचे.”

खरा इशारा कुठून मिळतो तेही त्यांनी सांगितलं. डीआरडीओची डीजीआरई ही चंदीगडची प्रयोगशाळा हिवाळ्यात काश्मीर, लडाख, हिमाचल, उत्तराखंडसाठी तो देते. पूर्वी ती सासे या नावाने ओळखली जायची, १९६९ पासून. इशारा असतो अख्ख्या पट्ट्याचा. तुमच्या पुढ्यातल्या उताराचं उत्तर त्यात नसतं.

आणि पाचपैकी तीन म्हणजे मध्यम, असं समजून जास्तीत जास्त माणसं तिथेच फसतात. चार आणि पाचला लोक घरी बसतात.

आम्ही चढायला लागलो. पायवाट सोडून डोंगराच्या सोंडेने, कारण सोंडेवर वरून काही येत नाही. नाळ, म्हणजे उतारावरची घळ, ओलांडायची वेळ आली की एकेकाने. बाकीच्यांनी आधाराच्या जागी थांबून त्याच्यावर डोळा ठेवायचा, मग पुढचा. पाठपिशवीचा छातीचा पट्टा सोडलेला, काठीचे फास मनगटातून काढलेले. बर्फात ओढले गेलो तर ते नांगरासारखे खाली खेचतात. हे सगळं पिवळ्या सुकलेल्या गवतावर, उन्हात. गुरं चारणारा एक मुलगा बराच वेळ मागून येत होता. त्याने मास्तरांना पावरीत काहीतरी विचारलं. मास्तर म्हणाले, “तो विचारतोय, खाली वाघ आहे का?”

माथ्यापासून दोनशे फूट खाली वाट पूर्वेच्या अंगाला वळते आणि एक नाळ आडवी कापते. काठ्या लावल्या : तीसच्या बऱ्याच वर. मोबाईलवर सदतीस. खाली नाळ अरुंद होऊन दगडांत शिरते, म्हणजे थोडासा बर्फ आला तरी तो तिथे खोल साचणार. वारा पश्चिमेचा, म्हणजे उडालेला बर्फ नेमका याच, आडोशाच्या पूर्वेकडच्या उतारावर येऊन बसलेला असणार. दुसरी वाट नाही.

तिथे जे झालं ते मला जसंच्या तसं लिहायचं आहे. आतेभाऊ म्हणाला, एकेक करून जाऊ, पाच मिनिटांचं काम. वहिनी म्हणाली, वर देऊळ दिसतंय. मी काहीच बोलले नाही. मनात म्हणत होते की इथे तर गवत आहे, खरा बर्फ असता तर आपण थांबलोच असतो. आणि मग लक्षात आलं की गेल्या वर्षी मी असंच काहीतरी मनात म्हटलं होतं. तेव्हाही पुढच्याच्या पाठीकडे बघत गप्प राहिले होते.

भाची म्हणाली, “मला नाही जायचं.”

आतेभावाने विचारलं, का? अण्णांनी त्याला थांबवलं. आमच्यात हे जाण्यापूर्वीच ठरलं होतं की नकाराला कारण मागायचं नाही. सहांतला एक जरी नको म्हणाला तरी सगळे वळणार. अण्णा सांगत होते, ४ ऑक्टोबर २०२२ ला उत्तराखंडात द्रौपदी का दांडा शिखरावर हिमस्खलनात गेलेल्यांत गिर्यारोहक सविता कंसवाल होती. त्याच वर्षीच्या मे महिन्यात तिने सोळा दिवसांत एव्हरेस्ट आणि मकालू केलं होतं. ते बोलताना ते नाळेकडे बघत होते, आमच्याकडे नाही. त्या तुकडीतल्या कुणाला ते ओळखत होते का, हे मी विचारलं नाही.

आम्ही वळलो. गवत असलेल्या, ऊन असलेल्या, दिवाळीत म्हातारी माणसं अनवाणी चढून जातात त्या डोंगरावरून, दोनशे फूट उरलेले असताना. उतरताना आतेभाऊ तासभर कुणाशी बोलला नाही. मलाही वाईट वाटत होतं, खोटं का सांगू. देऊळ खरोखर दिसत होतं. मास्तरांनी वळून नमस्कार केला आणि म्हणाले, “अश्वत्थामा इथेच आहे. पुढच्या दिवाळीला येऊ.”

पायथ्याशी पोहोचल्यावर आतेभाऊच भाचीजवळ गेला आणि तिच्या पिशवीतलं फावडं काढून आपल्या पिशवीला बांधलं. म्हणाला, “गाडीपर्यंत मी घेतो.”

नंदुरबारहून गाडी, भुसावळ, तिथून घरी पोहोचायला रात्रीचा एक वाजून गेला. अंगणात कुणी नव्हतं. मळ्याकडून धुराचा वास येत होता. हे बागेत होते, मफलर गुंडाळून, मोटर चालू. मला बघून म्हणाले, “आभाळ बघ. आज पडणार चरका.” मी वर बघितलं. डाबला होत्या तेवढ्याच चांदण्या.

त्यांच्यासोबत दोन ढिगांवर ओला पाला टाकला. मग शेडमध्ये दिव्याखाली बसून, निघायच्या तारखेपर्यंत रोज भरायच्या वहीचं पहिलं पान उघडलं आणि तिकडच्या हवामानाची नोंद केली : काल सकाळी बर्फ थांबला. रात्री निरभ्र, वारा नाही. त्यापुढे कंसात, अण्णांनी सांगितलं होतं तसं, ‘पिसं, रात्र पहिली’.